कर्णधार कोणी व्हावे?

कापूस वेचून पऱ्हाट्या उपटल्या की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील मोकळ्या शेतांत क्रिकेटचे डाव रंगतात. पुसद असो, दिग्रस असो की दारव्हा, पुष्कळदा ज्याची बॅट तोच कर्णधार होतो! तुम्हांला हे योग्य वाटते का? उत्तर देण्यापूर्वी पालवणकर बाळू यांची हकीकत ऐका.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात ते मैदानाची देखभाल करीत. पगार महिना ४ रुपये. इंग्रज फलंदाजांना सराव मिळावा म्हणून ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजीची संधी मात्र त्यांना क्वचितच मिळे. पुढे इंग्रजांना हरवण्यासाठी पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळेच हाताळत. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. चेंडूचा विटाळ होत नव्हता, माणसाचा होत होता!

बाळूंनी आपल्या डावखुऱ्या फिरकीने उत्तर दिले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदू, मुस्लिम, पारशी खेळाडूंचा संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. १९२० साली त्यांच्या भावांनी या अन्यायाचा निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ विजयी झाला.

कोणी म्हणेल, "बाळूंना संघात तर घेतले होते ना? मग तक्रार कसली?" माझ्या मते, केवळ संघात घेणे पुरेसे नाही. एखाद्याच्या मेहनतीचा फायदा घ्यायचा आणि मान द्यायची वेळ आली की त्याला दूर ठेवायचे, हा न्याय नव्हे. गुणी माणसाला टाळ्याही मिळाल्या पाहिजेत आणि अधिकारही.

मित्रांनो, उद्या संघ निवडाल तेव्हा बॅट कोणाची, आडनाव काय, घर कोणत्या मोहल्ल्यात, हे विचारू नका. खेळ कोणाला कळतो, ते पाहा. आणि सामना संपल्यावर सगळे एकाच माठातले पाणी प्या.