डिस्चार्ज मिळाला, पुढे काय?

आदिलाबाद म्हटले की गोव्यात बसलेल्या आपल्याला ते फार दूरचे वाटते. पण तेलंगणातल्या या जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. त्यामुळे तिथे तेलुगूच्या जोडीला मराठी, गोंडी, कोलामी आणि उर्दूही कानांवर पडते. मुलूख कापसाचा. पावसाळ्यात उटनूरच्या डोंगरपट्ट्यात तापाच्या साथी ठरलेल्या. आदिलाबाद शहरात 'रिम्स' हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथेही निभावले नाही, तर नागपूर किंवा सुमारे ३०० किलोमीटरवरचे हैदराबाद गाठावे लागते.

संसर्गाशी झुंजताना शरीर आपल्याच अवयवांना इजा करू लागते, त्याला सेप्सिस म्हणतात. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख जणांना तो झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा संशोधकांचा अंदाज आहे. वास्तविक, वाचलेले कितीतरी जास्त. त्यांचे पुढे काय होते?

अतिदक्षता विभागात पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झडतात. घरी आल्यावर जिना चढवत नाही, बटण लावताना बोटे थरथरतात. हिशेब चुकतो, नावे आठवत नाहीत, रात्री भलतेसलते दिसून झोप उडते. हे महिनोन् महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालते. डॉक्टरांनी २०१० च्या सुमारास या अवस्थेला स्वतंत्र नावही दिले. पण दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला ते कोण सांगणार? घरचे म्हणतात, 'आता बरी झालीस ना, मग ऊठ की!' आजारपणाचे कर्ज उभे असते आणि अशक्तपणाला आळस म्हटले जाते. हा अन्याय मला मरणाइतकाच गंभीर वाटतो.

आपल्याकडे वेगळे काय आहे? पेडण्याचा किंवा काणकोणचा रुग्ण बांबोळीहून घरी येतो तेव्हा त्याच्या हातात इंग्रजी कागद आणि गोळ्यांची पिशवी असते. बाकी 'देवाक काळजी'!

डेन्मार्क, नॉर्वेसारख्या देशांत परिचारिका आणि नातेवाईक रुग्णाच्या खाटेजवळ रोजची टिपणे लिहून ठेवतात. पुढे ती वाचून रुग्णाला हरवलेल्या दिवसांचा धागा लागतो. त्याला यंत्र लागत नाही, वही लागते. इस्पितळाने रुग्णाच्या भाषेत, मग ती मराठी असो, कोंकणी असो वा गोंडी, एक पान द्यावे आणि ते वाचूनही दाखवावे: काय त्रास होईल, कोणता व्यायाम करावा, कोणत्या लक्षणांवर धावत परत यावे. महिन्याभराने एकदा बोलावून चौकशी करावी.

जीव वाचवणे हे मोठेच काम. पण वाचलेल्याला पुन्हा जगता आले पाहिजे, नाही का?