धावत्या गाडीतले टपाल

‘प्रवास’ हा यंदाच्या अंकाचा विषय असला, तरी वर्षभर सलत राहिलेली बाब प्रवाशांची नसून टपालाची आहे. डिसेंबर 2024 मध्ये नोंदणीकृत पुस्तक टपाल बंद झाले, जून 2025 मध्ये मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि त्याच वर्षी नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. अशा वातावरणात टपाल रुळांवरून उतरवून रस्त्यानेच न्यावे हे मत बळावत असून, ते मांडताना हिशेब केवळ तासांचा केला जातो.

वस्तुतः रेल्वे टपाल सेवेचे, म्हणजे टपालखात्याच्या ‘आरएमएस’ या शाखेचे, सामर्थ्य निव्वळ गाडीच्या वेगात कधीच नव्हते. 1863 मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झालेल्या पद्धतीत टपालाची वाहतूक आणि वर्गवारी ही दोन्ही कामे एकाच वेळी होत. डब्याच्या भिंतीला लाकडी खण असत. सॉर्टर, म्हणजे वर्गवारी करणारा कर्मचारी, हेलकावे सोसत उभ्यानेच पत्ता वाचून पत्र नेमक्या खणात टाकी, गठ्ठे सुतळीने बांधून थैलीत भरले जात, तोंडावर लाखेची मोहोर बसे आणि मनमाड येण्यापूर्वी मराठवाड्याची थैली दाराशी तयार असे. उशीर झालेल्याला ‘लेट फी’ म्हणून जादा तिकीट लावून गाडीच्या टपालडब्यातच पत्र टाकता येई. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हा दूरदूरचा मराठी वाचक याच जाळ्याने जोडलेला होता.

1980 च्या दशकात धावत्या गाडीतील वर्गवारी थांबली आणि मोहोरबंद थैल्या तेवढ्या जात राहिल्या. म्हणजे रेल्वेचा मुख्य फायदा आधी काढून घेतला गेला आणि उरलेल्या हमालीची तुलना आता ट्रकशी केली जाते. ट्रकची बाजू अगदीच लंगडी नाही: स्थानकावरची चढउतार वाचते, दोन मिनिटांच्या थांब्यात थैल्या फलाटावर राहून जाण्याची भीती नसते, आणि पुणे-सातारा अशा पल्ल्याला रस्ताच सोयीचा. मात्र मुंबई-नागपूर हे 837 किलोमीटरांचे अंतर गाड्या रोज रातोरात कापतात आणि पोलादी रुळावर चाकाला होणारा रोध कमी असल्याने टनामागे ऊर्जाही कमी लागते. 2022 मध्ये सुरत-वाराणसी मार्गावर टपालखाते आणि रेल्वे यांनी संयुक्त पार्सलसेवा सुरू केली, तेव्हा घर ते स्थानक हे काम टपालखात्याने आणि मधला लांब पल्ला रेल्वेने उचलला. हीच वाटणी पत्रांना आणि नियतकालिकांना लागू करावी, आणि तिचा आरंभ मुंबई-नागपूर मार्गावर, पुढच्या दिवाळीपूर्वी व्हावा.