तेलातला उपेक्षित दशांश

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला तोंड देत उभे असलेले उंडीचे झाड रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माणसाला परके नाही. वीज येण्यापूर्वी त्याच्या बियांचे कडू तेल दिव्यात जळे आणि लाकडी होड्यांना चोपडले जाई. आज मिरकरवाडा बंदरात फायबरच्या नौका आहेत. त्यांना उंडीचे तेल लागत नाही. लागते ते पॉलिएस्टर रेझिन. हे रेझिन घडविताना वापरले जाणारे एक प्रमुख रसायन म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते प्रायः खनिज तेलापासून बनते. वास्तविक उंडीच्या तेलातूनही ते मिळविता येते. तो मार्ग ग्लिसरीनमधून जातो, आणि कोकणातील वनस्पतिजन्य इंधनाच्या चर्चेत नेमका त्याचाच विसर पडतो.

उंडी, करंज यांच्या तेलापासून बायोडिझेल करावे, हा विचार जुना आहे. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साधले नाही. २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे ठरविले. हिशेब मात्र दोन्ही वेळी इंधनापुरताच झाला. १०० किलो तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया केली की, सुमारे १०० किलो बायोडिझेलबरोबर १० किलो ग्लिसरीन तळाशी साचते. थंडीत ओठांना लावायचे ते नितळ ग्लिसरीन नव्हे; हे काळपट, मिथेनॉल, क्षार, साबण आणि पाणी यांनी गढूळलेले असते. उंडीच्या तेलात मुक्त मेदाम्ले अधिक असल्याने साबणाचा उपद्रवही अधिक. युरोप-अमेरिकेत २००० नंतर बायोडिझेलचे कारखाने वाढले, तसे अशा कच्च्या ग्लिसरीनचे भाव कोसळले आणि ते शुद्ध करणे अनेकांना परवडेनासे झाले.

येथे धातूंचे काम सुरू होते. ग्लिसरीनच्या रेणूत कार्बनचे तीन अणू आणि प्रत्येकाला जोडलेला एकेक हायड्रॉक्सिल गट असतो. हायड्रोजनच्या दाबाखाली, सुमारे २०० अंश सेल्सिअसला, टोकाचा एक गट काढून घेतला की प्रॉपिलीन ग्लायकॉल तयार होते आणि सोबत निघते केवळ पाणी. निकेल किंवा रुथेनियम वापरले तर कार्बनची साखळीच तुटण्याचा धोका असतो. तांबे ती साखळी शाबूत ठेवते. आपल्या घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांचा हा धातू असा नेमस्त कारागीर ठरावा, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. चंद्रशेखर रोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेसाठी आधी तांबे-क्रोमियमचे, पुढे क्रोमियम वगळून तांबे-ॲल्युमिनियमचे उत्प्रेरक अभ्यासले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गणपती यादव यांच्या गटाने त्याच कामासाठी चांदीयुक्त मँगनीज ऑक्साइडचा उत्प्रेरक वापरून पाहिला. हे सारे प्रयोगशाळेतील काचपात्रांपुरतेच राहते, असेही नाही. बेल्जियममधील एर्टवेल्डे येथे ओलिऑन कंपनीने २०१२ मध्ये तांब्याच्या उत्प्रेरकावर ग्लिसरीनपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल बनविणारा कारखाना उभारला.

रत्नागिरी जिल्ह्यात अशा कारखान्याचा विचार झालाच, तर तो खेड तालुक्यातील लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत होईल. रसायनांचे कारखाने आणि कुशल कामगार तेथे आहेत. तेथेच दाभोळ खाडीची व्यथाही आहे. खाडीतील मच्छीमार मेलेल्या माशांचे ढीग दाखवीत वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. त्यांना 'सोबत केवळ पाणी निघते' असे सांगून भागणार नाही. समीकरणात पाणीच असले, तरी कच्चे ग्लिसरीन धुताना निघणारे क्षार, मिथेनॉलचा अंश आणि वापरून निकामी झालेला उत्प्रेरक कोठे जाणार, हे त्यांना आधी कळले पाहिजे. क्रोमियम टाळण्याचे पुण्यातील संशोधन या दृष्टीने पाहिले की त्याचे मोल ध्यानात येते. क्रोमियमचे विषारी रूप खाडीत उतरले, तर त्याची झळ थेट मासळीला आणि ती खाणाऱ्या घरांना बसेल.

उत्पादनाची विक्री कोणत्या बाजारात करावी, हाही विवेकाचा प्रश्न आहे. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल दोन्ही औषधांत वापरतात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोगापुढे औषध-नियंत्रणाची लक्तरे निघाली. तेच विष २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून बालकांच्या पोटात गेले. दोन्ही वेळी औषधाच्या वाटेवर कसोटी लावणारे हात ढिले पडले होते. म्हणून नव्या कारखान्याने पहिली काही वर्षे औषधांच्या वाटेला न जाता रेझिनचाच बाजार धरावा, हे बरे.

त्याहीआधी कच्च्या मालाची बेरीज हवी. उंडी फळायला वर्षे घेते, तिच्या बागा नाहीत, बिया गोळा करायला माणसे लागतात, आणि कारखान्याला मात्र रोज ठरावीक टन माल हवा असतो. हा मेळ एकट्या उंडीवर बसणार नाही. हॉटेलांतील जळके तेल, करंजेल आणि साबण कारखान्यांतील ग्लिसरीन एकत्र आणावे लागेल. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ झाडांच्या बाजूने आणि पुण्याची प्रयोगशाळा उत्प्रेरकाच्या बाजूने हा हिशेब मांडू शकते. लोट्यातील उद्योजकांनी त्या दोघांना एका टेबलाशी बसवावे, आणि त्या टेबलाभोवती एक खुर्ची दाभोळ खाडीच्या मच्छीमारांसाठी पहिल्या दिवसापासून राखून ठेवावी.