दोष शोधणाऱ्याचा नव्हे

“लोकांना नीट शोधताच येत नाही,” ही शोधयंत्रणा बांधणाऱ्यांची जुनी तक्रार. आतले गणित चोख असले की वर एक रिकामी चौकट पुरे. नेमके शब्द टाकणे हे वापरणाऱ्याचे काम, असा त्यांचा पक्ष.

हा पक्ष १९८५ सालीच उघडा पडला. ब्लेअर आणि मॅरन यांनी एका मोठ्या खटल्याच्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांवरचा संगणकीय शोध तपासला. शोधणारे होते खटल्याचे वकील, म्हणजे प्रकरणाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसे. उपयोगाचे ७५ टक्के कागद हाती आले, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात आले होते सरासरी २० टक्के. एकाने ज्याला ‘अपघात’ म्हटले, त्याचीच दुसऱ्याने ‘घटना’ किंवा ‘अडचण’ अशी नोंद केली होती. शिवाय बाकीचे कागद हुकले आहेत, याचा सुगावाही पडद्यावर लागत नव्हता.

यावर कोणी म्हणेल, आजच्या यंत्रांना समानार्थी शब्द कळतात. कळतात, हे मान्य. पण माणसाला काय हवे, हे पुष्कळदा त्यालाच आधी ठाऊक नसते. मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्ये दाखवले, की शोधता शोधता प्रश्नच बदलत जातो आणि माहिती रानातली बोरे वेचावीत तशी थोडीथोडी जमते. पहिल्याच प्रश्नाला अचूक उत्तर देण्यावर सारी भिस्त ठेवणारी यंत्रणा इथे अपुरी पडते.

म्हणून पडद्याने शोधणाऱ्याला वाट दाखवावी. लेखक, काळ, विषय यांनुसार निकाल गाळता यावेत आणि प्रत्येकापुढे संख्या दिसावी. टाकलेला प्रश्न डोळ्यांसमोर राहावा, तिथेच सुधारता यावा. ‘काही सापडले नाही’ एवढ्यावर न थांबता जवळचे पर्याय सुचवावेत. मराठीत तर हे अधिकच निकडीचे. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा’ असलेले शीर्षकही मिळायला हवे. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन वेगळ्या अक्षरसंकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कच्च्या यंत्रणेला ते दोन शब्द वाटतात. याचा भुर्दंड वाचकाने का सोसावा?

वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या नियमांत घातले होते. तेव्हा ग्रंथालयाने सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाला भुलू नये. चार वाचकांना त्यांचेच प्रश्न घेऊन पडद्यापुढे बसवावे, ते कुठे अडतात ते पाहावे आणि मगच करारावर सही करावी.