फ्लश समजला, गटार कोण समजावणार?

फ्रिज थंड कसा होतो, विमान कसे उडते हे चित्रांसह सांगणारी संकेतस्थळे आज मोबाईलवर सहज उघडतात. अमेरिकेत मार्शल ब्रेन यांनी १९९८ साली ‘हाऊ स्टफ वर्क्स’ सुरू केले. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते दाखवले आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके मोफत खुली केली. या कामाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्या समाजाला शतकानुशतके पोथीला हात लावू दिला नाही, त्याच्या लेकरांना जात न सांगता ज्ञान मिळते, ही साधी गोष्ट नव्हे.

पण आमचा एक प्रश्न आहे. संडासाचा फ्लश कसा चालतो हे वाचायला मिळते. पाण्याचा लोंढा मैला वाहून नेतो. खालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी साचून राहते, म्हणून गटारातला वायू घरात येत नाही. घरवाल्यांची गोष्ट इथे संपते. आमची इथून सुरू होते. कारण तो वायू खालीच राहतो आणि तिथे उतरतो तो आमचा भाऊ.

हवा न मिळणाऱ्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस पुढे जातो आणि काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून एकाच टाकीतून दोन-तीन प्रेते निघतात. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही.

ही माहिती सोप्या मराठीत, चित्रांसह, प्रत्येक सफाई कामगाराच्या मोबाईलवर का नसावी? सोबत हेही हवे की, २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा आहे आणि गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिले आहेत. मात्र माहिती दिली म्हणून ठेकेदाराची आणि नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. यंत्रे त्यांनीच आणली पाहिजेत.

जातिव्यवस्थेने हाताला काम दिले आणि त्या कामामागचे ज्ञान दुसऱ्याच्या घरी ठेवले. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या आदेशामुळे आज आमच्यात इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, संगणकावर काम करणारे तरुण आहेत. त्यांना आमचे आवाहन आहे. आठवड्याचा एक तास काढा. वस्तीतल्या एका माणसाला तो करीत असलेले काम कसे चालते, कुठे मारते, हे त्याच्या भाषेत लिहून द्या. इतरांनी फ्लशपर्यंत लिहिले आहे. त्याखालचे आपल्यालाच लिहावे लागेल.