फिरतें घर आणि त्याचें छप्पर

घर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें भिंती येतात. परंतु पावसाच्या रात्रीं घराचें घरपण राखतें तें छप्पर. संस्कृतांत तंबूस 'पटमंडप', 'वस्त्रवेश्म' असे सुरेख शब्द आहेत. मात्र ज्यास अशा वस्त्राच्या घरांत मुलाबाळांसह महिनेच्या महिने काढावयाचे असतात, त्यास शब्दाच्या सुरेखपणाचा काय उपयोग? वारा कोठून शिरतो आणि पाणी कोठून झिरपतें, हें त्यास कळावयास हवें. या महिन्यांत आम्हीं तोच विषय घेतला आहे.

फिरतीं घरें दोन प्रकारचीं. सन २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें. तेव्हांपासून निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारींची चर्चा आमच्याहि कानांवर येऊं लागली. यांतील कांहीं गाड्यांचें छप्पर पेटीच्या झांकणाप्रमाणें वर उचलतां येतें, व मधली फट जाड कापडानें बंद केलेली असते. दुसरें फिरतें घर आपल्या धाराशिव जिल्ह्यास फार दिवसांपासून परिचित आहे. तें म्हणजे ऊसतोड मजुरांची कोपी. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें मुलें, भांडीं व बैल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. वाटेंत ट्रॉलीवर ताडपत्री, मुक्कामीं कोपीवर ताडपत्री. एक घर हौसेचें, दुसरें गरजेचें. परंतु वारा व पाऊस हा भेद मानीत नाहींत. दोहोंतहि ते एकाच रीतीनें शिरतात.

आपला मुलूख कमी पावसाचा, तेव्हां दिवाळीनंतर छपराची एवढी चिंता कशास, असें कोणी विचारील. पण पाऊस पंचांग पाहून येत नाहीं. परतीचा पाऊस ऐन गाळपाच्या तोंडावर कोसळतो. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यांत गारपिटीनें उभीं पिकें झोपविलीं. सन २०२५ च्या सप्टेंबरांत भूम-परंड्याकडे पुरानें शेतें व घरें पाण्याखालीं गेलीं. उसाच्या फडाशेजारीं तान्हें मूल निजविणाऱ्या आईस अशी एकच रात्र पुरे होते.

आतां पाण्याचा विचार. छप्पर सहसा मध्यभागीं गळत नाहीं. तें गळतें सांध्याशीं, शिवणीशीं, दोरी ओवण्याच्या छिद्राशीं आणि कडेस. म्हणून दोन लहान ताडपत्र्या जोडण्यापेक्षां एक मोठी अखंड घ्यावी. जोड देणें भागच पडलें, तर कौलें शाकारतात त्याप्रमाणें वरचा पदर खालच्यावर हातभर चढवावा. आढें चांगलें उंच ठेवून कापड ताणून बांधावें, आणि बांबूच्या टोकांस चिंध्या गुंडाळाव्या. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. या हिशेबानें दहा फूट रुंद व बारा फूट लांब ताडपत्रीवर वीस मिलिमीटरची सर आली, तर सुमारें सव्वादोनशें लिटर पाणी पडतें. ढिल्या कापडास पोट सुटलें कीं तेथें पाणी सांचतें. मग बांबू तरी मोडतो किंवा कापड तरी फाटतें. कडेचें पाणी ज्यांत पडेल असा वीतभर खोल चर चोहोंकडे खणावा व तो उताराकडे काढून द्यावा.

वाऱ्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. शिवाय तो छपरास केवळ दाबीत नाहीं. वरून वेगानें जातांना त्यास वर ओढतो, आणि दारांतून आंत शिरलेला वारा खालून उचलतो. हीं दोन बळें एकत्र झालीं म्हणजे ताडपत्रीचा पतंग होतो. म्हणून कोपी बुटकी असावी व तिचें तोंड वाऱ्याच्या माऱ्यास सन्मुख नसावें. वादळी वाऱ्याच्या दिशेचा नेम नसल्यामुळें दारास खालपर्यंत पोंचणारा पडदा हवाच. कडेवर नुसते दगड ठेवून भागत नाहीं. छपरावरून आडवे दोर घेऊन ते दोन्ही बाजूंच्या खुंट्यांस बांधावे, आणि खुंट्या बाहेर झुकत्या ठोकाव्या. मोटारीच्या उचलत्या छपरासहि हाच न्याय लागू आहे. बिजागरीची, म्हणजे छपराची सखल बाजू वाऱ्याकडे करून गाडी उभी करावी; कापडावर बाहेरून जलाभेद्य झूल घालावी; आणि वादळाचीं चिन्हें दिसतांच छप्पर खालीं घेऊन कड्या लावाव्या. कापड ओलें मिटावें लागलें, तर दुसऱ्या दिवशीं उघडून वाळवावें. नाहीं तर बुरशी तें खाऊन टाकते.

कापडाचाहि स्वभाव ओळखावा. सुती कॅनव्हास भिजला कीं धागे फुगून छिद्रें बुजतात. पण आंतून त्यास बोट किंवा अंथरूण लागलें, तर तेथूनच पाणी झिरपूं लागतें. असें कापड साबणाच्या ऊन पाण्यांत भिजवून वाळवावें व मग तुरटीच्या पाण्यांत बुडवावें. दोहोंच्या संयोगानें पाण्यांत न विरघळणारा थर धाग्यांत बसतो. हल्लींच्या ताडपत्र्या बहुधा प्लास्टिकच्या. त्या फुगत नाहींत, म्हणून पडलेलें छिद्र आपोआप बुजत नाहीं. उन्हानें त्या ठिसूळहि होतात. मागील हंगामाची ताडपत्री उजेडाकडे धरून पाहावी. चांदण्या दिसल्या तर ती छपरास निरुपयोगी समजावी. थंडींत आंतून ठिबकणारें पाणी पुष्कळदां पावसाचें नसून श्वासाच्या वाफेचें असतें. त्यासाठीं वाऱ्याच्या पाठीकडे, वरच्या अंगास, एक झरोका राखावा. बंद कोपींत अगर गाडींत शेगडी पेटवून निजणें म्हणजे प्राणाशीं खेळ आहे. तिचा विषारी वायु निजलेल्यास कळतहि नाहीं.

हें ज्ञान आपल्या वाचकांस सहलीपुरतें उपयोगी पडेल. परंतु ज्यांस त्याची खरी निकड आहे, त्यांच्या हातीं पुष्कळदां अखंड ताडपत्री घेण्याइतका पैसाहि नसतो. ऊसतोड मजुरांसाठीं शासनानें गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें महामंडळ स्थापिलें आहे, त्यांच्या मुलांसाठीं वसतिगृहांची योजनाहि केली आहे. मुक्कामाच्या जागीं पक्का निवारा मिळणें हाच खरा उपाय होय, व तो मागत राहिलें पाहिजे. तोंवर आपल्या चहांतील साखरेचें ऋण म्हणून एक गोष्ट आपणांस करतां येईल. दिवाळीपूर्वीं दानधर्म करतांना जुनेरें देण्याऐवजीं, दोन-चार घरांनीं मिळून एक मोठी, बिनजोड ताडपत्री दोरखुंट्यांसह आपल्या गांवांतून निघणाऱ्या एखाद्या कुटुंबास द्यावी. तिचा खर्च फार नाहीं, आणि ती एका घराचा संपूर्ण हंगाम कोरडा ठेवील. इत्यलम्.