कंप कोणत्या अवयवाचा?

तलवाड्याच्या एका शेतकऱ्याच्या रुग्णपत्रिकेवर आम्ही 'कंपवात' एवढेच लिहिले होते. कपिकच्छूचूर्ण सुरू केले. शहरातील डॉक्टरांच्या लेव्होडोपाच्या गोळ्याही चालू होत्या. काही महिन्यांनी त्यांचा उजवा पाय आपोआप वळवळू लागला. वात वाढला असे समजून आम्ही चूर्णाची मात्रा वाढविली. वळवळ आणखी वाढली. मूळचा कंप केवळ उजव्या हाताचा होता, हे घरच्यांनी सांगितले तेव्हा उलगडा झाला. पायाची हालचाल रोगाची नसून लेव्होडोपाच्या आधिक्याची होती. चूर्ण थांबविताच ती ओसरली.

मेंदूच्या पृष्ठभागावर अवयवांच्या जागा ठरलेल्या असतात, हे आपण पदवीला शिकलो. गाभ्यातील केंद्रांतही तशी मांडणी असते, याकडे आपले लक्ष कमी जाते. पुटामेनमध्ये पायाचे क्षेत्र वरच्या अंगास, चेहऱ्याचे खाली व हाताचे मध्ये असते. सबथॅलॅमिक न्यूक्लियस अवघे काही मिलिमीटरचे; त्यातही ही क्षेत्रे निराळी आढळतात, सीमा मात्र एकमेकींत मिसळलेल्या. तेथे इलेक्ट्रोड बसविताना रुग्णाला पुष्कळदा जागे ठेवतात. त्याचे मनगट हलविले, घोटा हलविला, की विरुद्ध बाजूच्या केंद्रातील त्या त्या पेशींचा प्रतिसाद यंत्रावर ऐकू येतो. पार्किन्सनमध्ये डोपामिनची घट सर्वत्र सारखी नसते. म्हणूनच आजार बहुधा एका बाजूच्या हातापायापासून सुरू होतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८० वातविकारांची गणना पायाच्या नखांपासून वर चढत जाते. वेपथूही त्याच यादीत आहे. एवढ्यावरून आधुनिक मेंदूशास्त्र आपल्या ग्रंथांत होतेच, असे म्हणणे आम्हांस पटत नाही. अवयव पाहून सांगण्याची शिस्त मात्र आपलीच, आणि तीच आपण सोडली.

कपिकच्छूच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे १९३७ मध्येच प्रसिद्ध झाले. तेव्हा औषधविक्रेत्या बंधूंनी चूर्ण देण्यापूर्वी ग्राहकाच्या चालू गोळ्या विचाराव्यात, आणि निर्मात्यांनी डबीवर लेव्होडोपाचे प्रमाण छापावे. घटकद्रव्याचे नुसते नाव छापून वैद्याला मात्रा ठरविता येत नाही.

आम्ही आता रुग्णपत्रिकेवर मनुष्याकृतीचा रबरी शिक्का मारतो. कंप जेथे असेल तेथे तांबड्या शाईची खूण व बाजूला तारीख; दर भेटीला नवा शिक्का.